पोहरादेवीच्या वाटेवरचं ऊन

उन्हानं डांबर वितळलं, त्याचा वास आला, का मले पोहरादेवीची वाट दिसते. माही बायको शांता नवसासाठी अनवाणी चालली होती. तिची नवी चप्पल पिशवीत. संग म्याबी अनवाणीच.

"घाल ना थे चप्पल, पाय भाजतीन," म्या म्हनलं.

"मले चटकाच नाही लागून राह्यला. देवीची किरपा! तुमीच उड्या मारा माकडावानी," ती हासली.

आयकून वाटेनं संग चालनाऱ्या बाया तिच्या पाया पडल्या. मलेबी खरंच वाटलं.

घरी आल्यावर तळव्याले फोड दिसले. डॉक्टर म्हने, शुगरनं पाय बधिर झाले, म्हनून चटका कळला नाही. जखम सडली, डावा पाय कापला. पुढच्या साली शांताबी गेली.

तिची चप्पल अजून दारात हाये. उजवी झिजली, डावी कोरीच.