अध्यक्षांच्या पायाखालची वाळू

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील प्रत्येक चळवळीचं पत्रक जपून ठेवत आणि मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. म्हणून गावातलं निर्वासित कुटुंब पोलिसांनी उचलून नेल्याचं कळलं, तेव्हा माझा हात आधी लेखणीकडे गेला. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, माझा संतापही.

कुटुंब पूर्व बंगालातलं. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. रायपूरकडच्या छावणीत त्यांची धाकटी तापानं गेली. तेव्हा थोरलीला घेऊन ते कुणाला न विचारता बाहेर पडले, शेगावला गाडीतून उतरले आणि काम शोधत शोधत आमच्या गावी, बीबीला आले. आमच्याकडे भडभुंजा नव्हता. बाईनं नदीची बारीक वाळू आणली, धुतली, चाळली, भट्टीवर कित्येकदा तापवून काळी केली आणि तिच्यात मुरमुरे, फुटाणे भाजायला लागली. वाळू जुनी तेवढा मुरमुरा फुलतो, असं ती सांगे. गावाला चिवड्याची चटक लागली.

आता विनापरवाना छावणी सोडली म्हणून तहसीलदारांच्या सहीनं तिघं तालुक्याच्या कोठडीत होती. पुढच्या बाजारानंतर त्यांना परत छावणीत धाडणार होते. जिथं एक मूल गेलं, तिथंच दुसरं घेऊन जायचं.

मी पत्रक लिहिलं. ‘माणुसकीला बेड्या’ असा मथळा दिला. गावाला ते पसंत पडलं, म्हणजे कुणी वाचलं नाही. सुटकेसाठी जाहीर सभा घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, “अध्यक्ष कोण?”

सभा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली घ्यावी, तर सोसायटीचे चेअरमन येणार नाहीत. चेअरमनच्या अध्यक्षतेखाली घ्यावी, तर सरपंच मैदानच देणार नाहीत. दोघांची बैठक चावडीत रोज भरे आणि दोघंही रोज तिथला फुकट चहा पिऊन उठत. बाजार जवळ येत चालला. शेवटी सरपंचांनी तोड काढली. दोघांपेक्षा मोठा माणूस बाहेरून आणायचा, म्हणजे कुणाची मान खाली जाणार नाही. तहसीलदार.

मी म्हणालो, “अहो, त्यांनीच तर पकडलंय त्यांना.”

“मंग काय झालं?” सरपंच म्हणाले. “मोठा माणूस हाये. तू लाहान हायेस बे, तुले मानपान समजत नाही.”

चेअरमन म्हणाले, “पहिल्यांदाच खरं बोलून राह्यले हे.” गावात तेवढीच एकी झाली.

तहसीलदार पुण्याकडचे, नव्यानं आलेले. निमंत्रणावर ‘जाहीर सभा’ एवढंच होतं. नव्या साहेबाला एवढं पुरतं. पाऊस नुकताच उघडला होता आणि मैदानात चिखल होता, म्हणून स्वागत समितीनं कुठून तरी छान बारीक, काळपट वाळू आणून व्यासपीठापुढं पसरली. साहेब जीपमधून उतरले, बूट न भरवता खुर्चीपर्यंत आले. हार झाला, शाल झाली, श्रीफळ मांडीवर बसलं.

मग शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. मास्तरांनी ज्याची त्याची जागा पक्की करून दिली होती, त्यामुळे रांगेत मध्येच एक जागा मोकळी राहिली. एक ओळ कुणी म्हटलीच नाही. ती ओळ त्या मुलीची होती.

“ही जागा रिकामी का?” साहेबांनी कौतुकानं विचारलं.

सरपंच हात जोडून म्हणाले, “थे पोरगी आपल्याच कोठडीत हाये, साहेब. आपलीच कृपा.”

माझ्या पत्रकातला एकही शब्द साहेबांना इतका लागला नसता. ते उठू पाहत होते. पण श्रीफळ घेतलेला अध्यक्ष आभार मानून झाल्याशिवाय उठत नाही, ही आमच्याकडची रीत. श्रीफळ खाली ठेवायलाही जागा नव्हती. चेअरमननी कुटुंबाच्या सुटकेचा ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले आणि अध्यक्ष या नात्यानं ठराव मंजूर झाल्याचं साहेबांनाच जाहीर करावं लागलं. आभार मानताना ‘साहेबांच्या मोलाच्या सहकार्याबद्दल’ टाळ्या पडल्या.

बाजाराच्या आदल्या दिवशी कुटुंब परत आलं. ठरावावर वरून उत्तर येईपर्यंत गावातच राहावं, असा हुकूम होता. ते उत्तर अजून यायचं आहे.

परत आलेल्या कुटुंबाचा सत्कार कुणाच्या हस्ते करायचा, यावर चावडीत दोघं पुन्हा बसले. मी भट्टीकडे गेलो. भट्टी रिकामी होती. बाई वाकून आत पाहत होती. मग वाटेवर सांडत गेलेली काळी वाळू पाहून तिनं चाळणी उचलली आणि मुलीला घेऊन मैदानाकडे निघाली.

संध्याकाळपर्यंत त्या दोघी साहेबांच्या खुर्चीपुढच्या जागेवरून वाळू गोळा करत होत्या. चाळणीत चिखलाची ढेकळं राहत, झेंडूच्या पाकळ्या राहत, माझ्या पत्रकाचे तुकडे राहत. मीही बसलो आणि पाकळ्या वेचायला लागलो. बाईनं चाळणी झटकली. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “दादा, आमच्यासाठी पुन्हा सभा घेतली, तर दुसरी वाळू घ्या.”