पाठ नसलेला कोट

जगदेवमामा जऊळक्याचे बँडमास्तर. घरामागे वांगी-मेथीचा तुकडा आहे, पण ओळख बँडाचीच. मी मराठीत एम.ए. केलं आहे. लग्नाच्या दिवसांत त्यांच्याकडे खुळखुळा वाजवतो. वय सोडलं तर आम्ही दोस्त आहोत.

बँडाचा पोशाख म्हणजे लाल लोकरी कोट. गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. मामांच्या पणजोबांनी परतवाड्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या पलटणीचा बँड पाहिला आणि तसाच कोट शिवून घेतला. पलटण गेली, कोट राहिला. थंड देशासाठी बेतलेला तो कोट आम्ही मे महिन्यात, भर उन्हात घालतो.

मागच्या वर्षी पोहरादेवीच्या लग्नात मामा भोवळ येऊन पडले. तेव्हापासून रुपामामींचं एकच चालू होतं. एकतर कोट सोडा, नाहीतर बँड.

"लोक कूलरसमोर बसतात अन हा माणूस दुलई पांघरून फिरून राह्यला," मामी मला म्हणाल्या.

मीही तोंड घातलं. "मामा, हा गुलामीचा पोशाख आहे."

"अन तू कॉलेजात काळा झगा घालून फोटो काढला, तो तुया आज्यानं शिवला होता काय?"

तो फोटो आमच्या घरात दारासमोरच टांगलेला आहे.

मग मामा हळूच म्हणाले, "माया पणजा सनई वाजवे. त्याले मांडवाबाहेर वाढत. आंगात कोट आला तवा लोक मास्तर म्हणू लागले, आत बसवू लागले. तो कोट मी काढू काहून?"

धनज गावच्या लग्नाआधी मामींनी ट्रंक उघडली आणि सगळ्या कोटांच्या पाठी कापून टाकल्या. पुढून साहेब, मागून हवा. मामा आधी चिडले. मग कोट घालून आरशासमोर उभे राहिले. आरशात पुढचंच दिसतं.

"जमलं," ते म्हणाले.

धनजला भाजीपाल्याची बागाईत करणाऱ्या दौलतरावांच्या निकिताचं लग्न होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारोतीच्या पारावरून निघाली. पाठीला वारा लागत होता. इतकं सुखाचं मी कधीच वाजवलं नव्हतं.

मागून हसू ऐकू आलं. वाढत गेलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बँड मिरवणुकीच्या पुढे चालतो. अख्ख्या वऱ्हाडाला आमच्या पाठीच दिसतात. मामींनी जन्मभर बँड पाहिला तो मांडवातून, समोरून. आणि ढोलवाल्या मुन्नानं आत बियाण्याच्या जाहिरातीचा बनियन घातला होता. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, 'भरघोस उत्पन्नाची हमी'.

"मास्तर, हमी कोन देते? नवरदेव का?" घोड्यामागून कोणीतरी ओरडलं.

मामांचा चेहरा कोटासारखा लाल झाला. ते थांबले. मग गर्रकन वळले, नवरदेवाकडे तोंड केलं आणि वाजवत उलटे चालू लागले. आम्हीही वळलो. मुन्ना एका शेळीला धडकला, पण ताल सोडला नाही. पोरं नाचायला लागली.

असे आम्ही पाठमोरे मांडवात शिरलो. दारात दौलतराव ओवाळणाऱ्या बायकांसोबत उभे होते. समोर उघड्या पाठींची रांग.

"मास्तर, हे काय नवीन?"

"नवरदेवाले पाठ दाखवणं बरं दिसत नाही, दौलतराव."

दौलतराव आमच्या बनियनांकडे बघत राहिले. "अन आमाले दाखवता?"

"तुमी घरचेच."

दौलतरावांना हसू आवरेना.

पंगतीच्या वेळी मामा घुटमळले. पाठीशिवायचा कोट अंगात, तो आता सगळ्यांनी पाहिलेला. ते मांडवाच्या कडेला उभे राहिले. दौलतरावांनी दुरून हाक मारली, "मास्तर, उभे काहून? बसा इथं, माया बाजूले."

मामांनी बटणं सोडली. कोट खांबाला टांगला. बनियनवरच बसले आणि दोनदा भात मागून घेतला.

मी थक्क होऊन बघत होतो. बाहेर पडताना पाहतो तर कोट पुन्हा अंगात.

"मामा, आता तर काढला होता."

"जेवाले काढला," मामा म्हणाले. "वाजवाले कायले काढू?"

तेवढ्यात नवरदेवाचा चुलता आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या पोराचं लग्न होतं. बँड पाहिजे होता. उलटाच चालणारा.