चिमणीच्या दातांनी

दवाखान्याबाहेर एका मुलीने पेरूवर फ्रॉकचं टोक धरलं, चावा घेतला आणि तुकडा धाकट्या भावाला दिला. मध्ये कापड आलं की तो चावा चिमणीच्या दातांचा. मग ते उष्टं नाही. लहानपणी मीही मंदाला, माझ्या धाकट्या बहिणीला, असाच पेरू द्यायचो.

मंदा आता माझ्या शेजारी बसली होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पाय हल्ली तिचं ऐकत नाहीत. डॉक्टर नुकतेच म्हणाले होते की लाळेतून पसरणाऱ्या एका विषाणूचा या आजाराशी संबंध असावा. पण तो विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, आजार मात्र थोड्यांनाच का होतो, ते अजून नीट कळलेलं नाही. मला तर काहीच कळलं नव्हतं. मी मान हलवली होती. ती मला छान हलवता येते.

“मंदे, तो विषाणू माझ्या शर्टातून तर नसेल ना आला?”

“दादा, तुझ्या शर्टातून काहीही येऊ शकतं,” ती म्हणाली. “पण मग तो तुझ्याही अंगात असणारच की. तू कसा धडधाकट?”

विचारलं चेष्टेनेच, पण ती उत्तराची वाट बघत राहिली. तिला हात द्यायला उठलो, तेव्हा स्वतःच्या धड पायांवर उभं राहताना उगीचच ओशाळल्यासारखं झालं.