खालून आलेली हाक

दुपारी शेजारची रेवती दारात येऊन विचारू लागली, "काकू, कॉलला मराठीत काय काय म्हणतात?" तिच्या ऑफिसात काहीतरी भाषांतर करायचं होतं. मी सांगत गेले, फोन, बोलावणं, पुकारा, साद, हाक. "थँक्यू" म्हणून ती गेली आणि मी पुन्हा तांदूळ निवडायला बसले.

शब्द मात्र घरातच राहिले. फोन येतो, मुलाचा, ठरल्या वेळी. लग्नामुंजीची बोलावणीही येतात. पण हाक? आईची, मैत्रिणींची मी सुमी होते. अरे-तुरेतली ती माणसं एकेक करून गेली. आता मी सगळ्यांची काकू.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "सुमे! अगं ए सुमे!"

ताट सरकवून मी गॅलरीत धावले. खाली माझ्याच वयाच्या एक बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. मला पाहून ओशाळल्या.

"तुम्हाला नाही हो, वरच्या सुमनला."

"असू दे, असू दे," म्हणत मी आत आले. वरची खिडकी उघडली, दोघींचं हसणं ऐकू आलं.

गॅलरीत पोचायच्या आधीच मी मोठ्यानं 'ओ' दिली होती. ती आता परत कशी घ्यायची?