तोंडात नसलेला ळ

माझं गाव सोनाळा, आणि माझ्याच गावाचं नाव मला म्हणता येत नाही. लिहिता येतं, आत्ताच तर लिहून राह्यले. बोलायला गेले की सोनाया होतं. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं. आमच्याकडे सगळेच असं बोलतात, म्हणून डी.एड.ला जाईपर्यंत आपल्याला काही येत नाही हेच मला ठाऊक नव्हतं. तिथल्या मॅडमनी जीभ मागं वळवून टाळूला लावायला सांगितली. दोन वर्षं आरशापुढं वळवली. जीभ काही ऐकेना. एवढी घोडी झाली अन् एक अक्षर येत नाही म्हणून मी रडलेसुद्धा. आता नाही रडत.

सहा वर्षं घरी बसल्यावर बुलढाण्याच्या एका शाळेत मराठीच्या बाईंची जागा निघाली. मला ती पाहिजेच होती. दुसरीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता, मागच्या भिंतीला तीन परीक्षक. मी श्रुतलेखन घेतलं.

"बायानं केयं खाल्लं," मी सांगितलं.

पुण्याहून आलेले एक साहेब हसले. "बाई, मुलं आता काय लिहिणार?"

"तुम्हीच पाहा ना," मी म्हटलं. रागच आला होता.

साहेब वह्या बघत फिरले. बाळानं केळं खाल्लं. बाळानं केळं खाल्लं. रांगेच्या रांगा बरोबर. काऊन नसणार? त्या पोरांच्या घरीही केयं खातात अन् केळं लिहितात. साहेबांचं हसू मावळलं. मला, खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीनं मात्र 'बायानं केयं' लिहिलं होतं. वडिलांच्या बदलीमुळं ती नुकतीच कोल्हापूरकडून आली होती. "ही चुकली," साहेब म्हणाले आणि लाल पेन काढलं. पोरीचे डोळे भरले.

गप्प राहिले असते तर नोकरी हातात होती.

"पोरगी नाही चुकली, साहेब," मी म्हटलं. "तिनं आयकलं तेच लिहिलं. मलेच ते अक्षर म्हनता येत नाही."

मग फळ्यावर हातभर मोठा ळ काढला आणि तिला म्हटलं, "बेटा, हे तू म्हनून दाखव." तिनं म्हटला, स्वच्छ. तिच्या मागून अख्ख्या वर्गानं म्हटला, बहुतेकांचा य झाला. मीही म्हटला, माझाही य झाला. पोरं हसली, मीही हसले.

जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. वाईट वाटलं, पण ती पोरगी चुकली असं मी अजूनही म्हणणार नाही. पुढच्या मुलाखतीला खुर्चीवर बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "मले मराठीतलं एक अक्षर म्हनता येत नाही. कोनतं, ते लिहून दाखवते."