पेशकारकाकांनी शिकवलेली भीती

साहेबाच्या जीपचा आवाज आला की पेशकारकाका जेवता जेवता शेरवानीची बटणं लावायचे. जीप आपल्या वाटेनं निघून जायची, ह्यांचा घास मात्र तसाच हातात. काकू म्हणायच्या, "अहो, जेवा की! साहेब काय ताटात उतरायलाय का?" काका हसायचे नाहीत. "भ्यावं," म्हणायचे. "भिणाऱ्याचं पोट भरतं. न भिणारे लय बघितले, समदे घरी बसले."

परभणीच्या कचेरीत ते पेशकार होते. हाकिमाच्या, म्हणजे साहेबाच्या, बाजूला उभं राहून त्याच्यापुढे एकेक कागद पेश करायचा, हे त्यांचं काम. सारा जन्म उर्दूत लिहिण्यात गेला. निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्यांनी लाल, गोंड्याची रुमी टोपी उतरवून पांढरी घातली. पण जुनी फेकायचीही भीती, म्हणून ती कणगीत ज्वारीखाली पुरून ठेवली. "राज्य गेलंय तसं माघारी बी येतंय, बाबा." ज्वारी काढताना काकूंच्या हाताला त्या टोपीचा गोंडा लागायचा आणि दर वेळी उंदीर समजून त्या किंचाळायच्या.

मी झरीचा, मेंढरंवाल्याच्या घरातला. हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो तेव्हा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला एकच मुदत दिली. "दसऱ्यापतुर नोकरी लागली तर बरं. न्हाई तर मेंढरं सांभाळ. बी.ए.वाल्याला मेंढरं काय चावत न्हाईत." गावात हशा पिकला. मला मात्र हसू येईना, कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सुट्टीत आलो तेव्हा मी मेंढरांना हाक दिली होती आणि एकाही मेंढरानं मान वर केली नव्हती. कचेरीनं घेतलं नाही आणि मेंढरांनी ओळखलं नाही तर जायचं कुठं? ही भीती पोटात घेऊन मी काकांच्या ओसरीवर उतरलो. आबांची घोंगडी ते वर्षानुवर्षं विकत घेत आलेले, तेवढीच ओळख. पण काकूंनी पहिल्या दिवसापासून मला ताट वाढलं.

नव्या साहेबांचा हुकूम निघाला होता, सगळा कारभार मराठीत करायचा. म्हणून रोज सकाळी मी काकांना मराठी मसुदा शिकवायचो आणि संध्याकाळी ते मला भ्यायला शिकवायचे. त्यांचं शिकणं काही पुढं सरकेना. बोलायला मराठी झकास, पण कागद समोर आला की हात आपसूक उर्दूसारखा उजव्या कडेला जायचा. मग लेखणी खाली ठेवून ते माझ्याकडे बघायचे. ती नजर मला बघवायची नाही.

संध्याकाळची शाळा मात्र कडक. ओसरीत एक खुर्ची मांडलेली. तिच्यावर साहेब म्हणून स्वतः बसायची त्यांची छाती नव्हती, म्हणून तिथं ते तांब्या ठेवायचे. "हे साहेब. आता आत ये." मी तांब्याला वाकून सलाम करायचो. "साहेबानं इचारलं की आदी 'जी हुजूर' म्हणावं, इचार मागून करावा." आणि सगळ्यात मोठा धडा निघायचा: हाकिमाला पाठ दाखवायची नाही. उलट्या पावलांनी, मान खाली घालून बाहेर यायचं. एकदा असा उलटा चालत मी थेट अंगणातल्या शेळीवर बसलो. काकू पोट धरून हसल्या. काका म्हणाले, "हसू नगं. शेळी तिथं असती हे ध्यानात ठेवायला पायजे."

पितृपक्ष सरला आणि माझं बोलावणं आलं. साहेब पुण्याकडचे, तरणेबांड, पंख्याखाली बसलेले. बाजूला शेरवानीत पेशकारकाका, नजर जमिनीला. त्यांनीच माझा अर्ज साहेबांपुढे सरकवला.

"उर्दू दफ्तर वाचता येतं?"

"जी हुजूर."

"आणि मराठी मसुदा लिहिता?"

"जी हुजूर."

"मग उत्तमच झालं. या पेशकारांना मराठी काही जमत नाही. दिवाळीपासून त्यांना घरी बसवतोय आम्ही. त्यांची जागा घ्याल?"

काकांच्या तोंडावर, अगदी सहज, पाणी मागावं तसं साहेब बोलले. 'हो' म्हणावं तर ज्यांची भाकर खाल्ली त्यांच्याच चुलीत पाणी ओतायचं. 'नाही' म्हणावं तर दसरा दारात उभा. "लवकर बोला," साहेब म्हणाले. मी काकांकडे बघितलं, त्यांची नजर जमिनीलाच.

विचारल्याशिवाय त्या खोलीत काकांनी तोंड उघडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते बोलले. "हुजूर, पोरगं भेलंय. व्हय म्हणतंय ते."

साहेबांनी माझ्या अर्जावर सही केली. मी उलट्या पावलांनी निघालो आणि दाराजवळच्या माठावर आदळलो. "अहो, सरळ चालायला काय झालं?" साहेब ओरडले. शिकवलेलं सगळं तिथंच फुकट गेलं.

त्या संध्याकाळी मला घरात जाववेना. बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. काका आले. "कामून बसलास भाईर?"

"काका, तुमची जागा..."

"आरं, खुर्ची जाणार हे मला आखाडातच कळलं होतं. भिणाऱ्याला आदी कळतंय. म्हणलं, कुणी तरी बसणारच हाय, तर आपल्या घरचा बसावा. मी शिकवायलोय कशापायी मग तुला?"

एवढं बोलून ते बटणं काढायला लागले, पण एकही बटण निघेना. मी उठलो आणि एकेक करून काढली. शेरवानीखाली माणूस इतका वाळलेला असेल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर ते दोघं आपल्या गावी, पालमला निघाले. ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर चढलं. मी हळूच विचारलं, "टोपी?" काका चोहीकडे बघून म्हणाले, "पोत्यातच हाय. बोलू नगं." खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "साहेबाला भीत जा," म्हणाले.

गाडी सुरू झाली. मी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि उलट्या पावलांनी मागं सरायला लागलो. स्टँडवरची माणसं हसत होती, हसू देत. गाडी वळेपर्यंत मी काकांना पाठ दाखवली नाही. धुरळ्यातून त्यांचा घाबराघुबरा आवाज आला, "आरं, मागं बघ की! म्हैस हाय तिथं, म्हैस!"