मायटोकाँड्रिया आणि बाल्कनीतली दोरी

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्याला इतक्या घड्या का, हे लेकीच्या पुस्तकाला धड सांगता येत नव्हतं. वैतागून मी तिला आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत नेलं. बाल्कनी एवढीशी, पण दोरी मी नागमोडी फिरवलीय, म्हणून पाच माणसांचे कपडे वाळतात.

"ऊर्जा त्या पडद्यावर बनते," मी म्हटलं. "घड्यांमुळे पडद्याचा पृष्ठभाग वाढतो, म्हणून इवल्याशा जागेत ऊर्जा बनवणारी यंत्रं जास्त मावतात."

लेकीला पटलं. मागून नवरा आला. "झकास समजावलंस यार. पण ही दोरी कधी लावलीस गं?"

दोरी आमच्या लग्नाइतकी जुनी आहे. मी ओल्या कपड्यांची बादली त्याच्या हातात दिली. "थिअरी झाली. आता प्रॅक्टिकल."